टबात धुतलेलं नाव

…तर काल गोष्ट सांगता सांगता मी टबापाशी थांबलो होतो. टिंटन अव्हेन्यूवरच्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारा ओझेल पिंकनी चवळी भिजत घालावी तशा आंघोळीच्या टबात, कोमट पाण्यात रेकॉर्डी भिजत घालायचा. मधला नावाचा कागद सुटला की नखाने खरवडून टाकायचा. बागेत तो एकाच रेकॉर्डच्या दोन तबकड्या लावून गाण्यातला ढोलाचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवी, आणि तीच आपणही मिळवावी म्हणून रेकॉर्ड कुठली ते वाचायला मागे दहा जण माना लांबवून उभे असत. त्यांना काळी तबकडी दिसे, नाव नाही. कडेला कोरलेला नंबरसुद्धा या पठ्ठ्याने खिळ्याने खोडलेला.

मग दिवस बदलले. आधी रेकॉर्ड कंपन्या स्टुडिओत वाजवणारे बसवून तेच तुकडे नव्याने वाजवून घेऊ लागले. मग ढोल वाजवणारं यंत्र आलं. ओझेल म्हणायचा, हे टाइपरायटरसारखं वाजतं, याला घाम येत नाही. शेवटी खरा आवाज पकडून ठेवणारं यंत्र आलं, पण त्यात मावायचे मोजके सेकंद. ओझेल रेकॉर्ड पळवत वाजवून आवाज आत कोंबायचा आणि मग यंत्रात तो सावकाश करायचा. ढोल असा जाडाभरडा, खरखरीत निघे, की माझ्या कपाटातल्या बश्या नाचत.

त्या ढोलावरचं गाणं एका कंपनीने घेतलं. ओझेलचं पहिलंच. मी तर, सगळ्यांचा म्हातारा पॉप, इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीभर सांगत सुटलो. तेवढ्यात कंपनीतल्या बाईंनी विचारलं, हा ढोल मूळ कुणाचा? त्याची परवानगी लागेल. शुक्रवारी दुपारपर्यंत नाव द्या, नाहीतर गाणं परत न्या.

ओझेलला नाव आठवेना. दहा वर्षं तो ती रेकॉर्ड कडेवरच्या ओरखड्यावरून ओळखत आला होता. दोघं मिळून आम्ही दुकानं पालथी घातली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने डोळे मिटून ती तीनदा ऐकली आणि म्हणाला, वाजवणारा डावखुरा आहे. बस, तेवढंच. डावखुऱ्याला पत्र कुठे पाठवायचं?

शुक्रवारी सकाळी ओझेल रिकाम्या टबाच्या कडेवर बसला होता, रेकॉर्ड मांडीवर. मी म्हणालो, "अरे, माझा चुलतभाऊ चर्चमध्ये ढोल वाजवतो. त्याचं नाव लिही. सही करेल, वर आपल्याला चिकन खाऊ घालेल. कोण येतंय बघायला?"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. मधल्या पांढुरक्या डागावरून त्याने अंगठा फिरवला.

"त्या माणसाचं नाव होतं इथे, पॉप. मी याच टबात धुतलं. आता त्याच जागी दुसऱ्याचं कसं चिकटवू?"