शुक्रवारच्या बैठकीतली दहावी बाई

धानाचा रोवणा चालू होता तेव्हा मी गाव सोडलं. दिवस मुद्दामच तो निवडला, कारण रोवण्याच्या दिवसांत भरदुपारी गावात चिटपाखरू नसतं. चंद्रपूरची एसटी बांधीजवळून गेली तेव्हा तुम्ही सगळ्या चिखलात वाकून होता. शेजारच्या शकूननं मान वर केली, खिडकीत मला पाहिलं आणि हातानंच विचारलं, कुठं? मी पोटावर हात ठेवून दाखवला, म्हणजे दवाखान्यात. ती पुन्हा वाकली. बायांनो, माझ्या पोटाला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि कर्जाच्या हप्त्याला माझ्याजवळ दमडी नव्हती.

फ्रीजरचं खूळ माझंच. घरधनी नको म्हणत होते, मी ऐकते कुठली! तलावाची मासोळी संध्याकाळी पडत्या भावात द्यावी लागायची. थंड ठेवली तर दुसऱ्या दिवशी भाव येईल, असं डोक्यात बसलं. कर्जवाल्यानं आपल्या दहा जणींच्या गटाच्या सह्या घेतल्या, एकीला नऊ जणी जामीन. शकून नुकतीच सही शिकली होती, माझ्या कागदावर सगळ्यात आधी तिनंच केली. फ्रीजर आला तेव्हा त्याला हळदकुंकूही तिनंच लावलं.

आपली गिऱ्हाइकं मला माहीत नव्हती का? सारा जन्म मासे विकण्यात गेला. कल्ला उचलून लाल दिसल्याशिवाय आपल्याकडे कोणी पैसे काढत नाही, आणि मरळ तर घमेल्यात उडी मारतच पाहिजे. बरफाची मासोळी पाहून बाया म्हणायच्या, "हे त मुडद्यावानी हाये वो." मासे फ्रीजरात पडून राहिले, लाइट गेली की वास सुटायचा, आणि हप्ता दर शुक्रवारी ठरल्या वेळी दारात. चार शुक्रवार मी इकडून तिकडून भागवले. शकूनजवळ तोंड उघडायची मात्र लाज वाटली.

सगळ्यांचा भरणा झाल्याशिवाय बैठकीतून कोणी उठायचं नाही, हा गटाचा नियम. त्या शुक्रवारी तुम्ही नऊ जणी दिवेलागणीपर्यंत बसून राहिलात, आणि शेवटी शकूननं तिची गाभण शेळी विकून माझा हप्ता भरला. हे मला इथं हैदराबादेत महिन्यानं कळलं.

इथं घरधनी एका अपार्टमेंटचे वॉचमन आहेत. राहायला इमारतीखालच्या सेलरमध्ये, गाड्यांच्या मधोमध, एक खोली. मी वरच्या चार फ्लॅटची भांडी करते. सगळ्या मला अम्मा म्हणतात, नाव अजून कोणी विचारलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम फ्रीजरातले पंधरा दिवसांचे मासे चवीनं खातात. पाहून मला हसू येतं आणि मग लिफ्टमध्ये रडू येतं. घरधनी मुळात कमी बोलणारे. आपल्या बोलीत भांडायलासुद्धा इथं माणूस नाही.

दोन वर्षांत मी सगळे हप्ते फेडले. शेळीचे पैसे शेवटी पाठवले आणि शकूनला फोन लावला. मिळाले म्हणाली.

"पैशाचं काई नाई वो," ती म्हणाली. "मले सांगतलं असतं तं मी तुह्यासंगं बसली असती, चार शिव्या खाल्ल्या असत्या दोघीनं. तू माह्यापासूनच लपली."

मग तिनं इकडचं तिकडचं सांगितलं. गटात माझ्या जागी दुसरी बाई घेतली, आता पुन्हा दहा झाल्या. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी पाय धरले असते. दिवाळीला येते म्हटलं.

"ये ना," ती म्हणाली. "पण येशीन तं आगुदर फोन करजो."

वीस वर्षं मी तिच्या घरात न विचारता शिरले. चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून, काय शिजतंय ते पाहून, हवं ते वाढून घेतलं. गावातल्या आमच्या घराची चावी अजून माझ्या कमरेला आहे, पण माझं घर ते नव्हतंच. माझं घर शेजारी होतं.