सतरंजीचा आडोसा

कोल्हापुरात मुलींची फुटबॉल स्पर्धा होती. समोरच्या संघातल्या एका मुलीची आई पूर्वार्धभर माझ्या कानाशी ओरडत होती, "त्या सात नंबरला सोडू नका गं!" सात नंबर म्हणजे माझी सई. मला त्या बाईचा अगदी राग आला होता.

मध्यंतरात सई रडवेली होऊन आली. "आई, पाळी आली. मी नाही खेळत आता." मैदानावर मुलींसाठी एकच खोली, तिलाही कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. मला काही सुचेना.

"काय झालं ओ ताई?" तीच बाई विचारत होती. मी हळूच सांगितलं. तिनं पर्समधून पॅड काढून दिलं, गाडीतली सतरंजी आणली आणि आणखी दोघी आयांना हाक मारली. भिंतीच्या कोपऱ्यात सतरंजी धरून आम्ही चौघी सईकडे पाठ करून उभ्या राहिलो. सतरंजीचं टोक घट्ट धरताना माझेच डोळे भरून आले.

काळी ट्रॅकपँट घालून सई बाहेर आली. "जा, खेळ," बाई तिला म्हणाली, "आमच्या पोरी तुला सोडायच्या नाहीत. तूही सोडू नकोस."

उत्तरार्धात सईनं मारलेला जोरदार फटका त्यांच्या गोलकीपरनं झेपावून अडवला. ती त्या बाईचीच लेक होती. सगळ्यांत आधी टाळी वाजली ती माझी.