आईला शहर सांगताना

त्या उन्हाळ्यात मी लहान मुलांच्या एका चित्रपुस्तकाचं काम करत होते. एक मुलगी बसमध्ये बसून मुंबईभर फिरते आणि खिडकीतून काय काय बघते, एवढीच गोष्ट. शब्द जवळजवळ नव्हतेच, सगळं चित्रांतूनच सांगायचं होतं. त्याच उन्हाळ्यात आईला दर महिन्याला परळला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागत होतं. गिरगावातून आम्हीही बसनेच जायचो.

आईच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग आधीच गेला होता. आता उजव्यालाही तेच झालं होतं. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे बघायला जावं नेमका तिथेच करडा डाग. "तुझ्याकडे बघितलं की तू नाहीशी होतेस, आणि कपाटाकडे बघितलं की येतेस," असं तिने मला एकदा सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी बोलताना ती कपाटाकडे बघायची. नवख्या माणसाला वाटायचं, रागावल्या आहेत की काय.

बसमध्ये तिला खिडकीच हवी असायची. पहिल्या खेपेला मी म्हटलं, "टॅक्सीने जाऊ, लवकर पोचू."

"लवकर पोचून काय करायचंय? सुईच टोचून घ्यायची ना?" ती म्हणाली. "बसमधून उंचावरून दिसतं. आणि मला नाही दिसलं तर तू सांग. तुझं कामच आहे ते."

मग मी सांगायला लागले. मुंबई सेंट्रल सोडलं की जुन्या इमारती हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेल्या दिसायच्या. एका जाळीच्या फटीतून कुणाची तरी वाळत घातलेली निळी साडी बाहेर आली होती. सातरस्त्यापाशी उसाच्या चरकावर पिवळं प्लास्टिक बांधलेलं, त्यामुळे खाली उभी असलेली सगळी माणसं पिवळी झालेली. चिंचपोकळीच्या पुलावर चढलो की एकदम आभाळ. त्यात अर्धवट टॉवर, आणि टॉवरच्या टोकाला क्रेन.

"क्रेन वाकडी आहे का गो?" आईने विचारलं.

"नाही, सरळ आहे."

"मला वाकडी दिसते." ती जरा वेळ तशीच मान तिरकी करून बसली. "असो. पुढे?"

मी सांगायचे आणि ती "आणखी" म्हणायची. पण मी एखादी गोष्ट शब्दांत धरेपर्यंत बस दोन दुकानं पुढे गेलेली असायची. चित्रात मी हे सगळं एकाच वेळी दाखवू शकते. बोलताना एकामागून एकच सांगता यायचं, आणि मधलं कितीतरी सुटून जायचं. जे सुटलं ते आईपुरतं नव्हतंच. हे लक्षात आल्यावर मी घाईघाईने बोलू लागले. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. आई म्हणाली, "अगं श्वास घे."

मे महिन्यातल्या खेपेला डॉक्टरांनी यंत्रावर आईचा डोळा बराच वेळ तपासला. डॉक्टर माझ्याहून लहान होत्या, बोलायला मऊ. त्यांनी पडद्यावर मला चित्र दाखवलं. नारिंगी गोल, त्यात लाल फांद्या आणि मधोमध मळकट पांढरा डाग. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की किती सुंदर रंग आहेत. मग लाज वाटली.

"इथे व्रण तयार झालाय. इंजेक्शनचा आता उपयोग होणार नाही. बंद करूया."

"म्हणजे बरं वाटायला लागलं?" आईने विचारलं. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती, म्हणजे डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "नाही आजी. जे गेलंय ते परत येणार नाही. कडेचं दिसतंय तसं दिसत राहील."

"हां," आई म्हणाली. पदर सारखा करून उठली आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून थांबली. मी धावले तर म्हणाली, "लागलं नाही."

स्टॉपवर आल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा मी तरी. ती म्हणाली, "लालबागला उतरू. मिरच्या घ्यायच्यात. मसाला राहिलाय यंदाचा."

"आज नको ना, आई."

"मग कधी? मसाला काय डोळ्यांसाठी थांबणार आहे?"

लालबागला मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचा खकाणा घशात बसत होता. मसाला कुटायच्या डंक्यांची लोखंडी मुसळं खाली-वर होत होती, काम करणाऱ्या माणसांच्या पापण्यांवरही तिखट बसलं होतं. दुकानाबाहेर मिरच्यांची पोती उघडी ठेवलेली. आई नेहमीच्या दुकानापाशी उभी राहिली आणि वाकून पोत्यात बघू लागली. मग तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पुन्हा सरळ बघितलं. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "काकी, माल एकदम फर्स्ट क्लास आहे. डोळे मिटून घ्या."

तो बिचारा सहज बोलला. आई हसलीसुद्धा.

तिने मूठभर मिरच्या उचलून माझ्यासमोर धरल्या. "रंग कसा आहे?"

"लाल."

"लाल तर असणारच. लाल कसा? गेल्या वर्षीसारखा आहे का काळपट आहे?"

मी मिरच्या हातात घेतल्या. गेल्या वर्षीचा लाल मला आठवेना. रंगांच्या ट्यूबांवरची नावं आठवली, ती तिच्या काय कामाची? मी म्हटलं, "विटेसारखा... नाही, विटेपेक्षा गडद. डाळिंबाच्या सालीसारखा, पण जरा..." आणि तिथेच अडकले. वर बांधलेल्या ताडपत्रीतून ऊन गाळून येत होतं, त्यात तो रंग दर क्षणाला वेगळा दिसत होता. आई वाट बघत होती. मागे दोन बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या.

"मला नाही सांगता येत, आई."

तिने माझ्या हातातून मिरच्या घेतल्या, पोत्यात परत टाकल्या. "दे बाबा तुला वाटतील त्या," दुकानदाराला म्हणाली. कुठल्याही दुकानात ती असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मसाला झाला. रंगाला फिका निघाला, तिखटाला जास्त.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी चित्रं पूर्ण झाली. प्रकाशकाकडे पाठवायच्या आधी सगळी आईसमोर मांडायची, ही माझी शाळेपासूनची सवय. तिने कधी धड कौतुक केलं नाही. ह्याची मान आखूड झालीय, ही म्हैस आहे का गाढव, असंच काहीतरी. मी चिडायचे, वाद घालायचे, आणि रात्री गुपचूप ते दुरुस्त करायचे. तिचं बरोबर असायचं.

या वेळी मी एकेक कागद तिच्या मांडीवर ठेवत गेले. जाळीतून आलेली साडी, पिवळी माणसं, पुलावरचं आभाळ. ती प्रत्येक कागद जवळ घ्यायची, लांब धरायची, कागदाच्या बाहेर कुठेतरी बघायची.

"छान झालंय," ती म्हणाली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यालाही.

मला ते ऐकवेना. खिडकीत बसलेल्या मुलीचं चित्र होतं, त्यात तिने बाहेर काढलेला हात खरोखरच लांब झाला होता. मला ते दिसत होतं, तरी मी तसाच ठेवला होता.

मी विचारलं, "आई, हिचा हात जरा लांब झालाय ना?"

तिने कागद पुन्हा डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ मान इकडेतिकडे करून बघितलं. मग कागद माझ्या दिशेला धरून म्हणाली, "असेल. तूच बघ."