चार लिंबं आणि चेन्नई ते तंजावरची उकळती गाडी

चेन्नईहून तंजावरला जायचं असेल तर सरळ ट्रेनने जा. हा सल्ला मला माझ्या बायकोने, जानकीने, दिला होता. मी तो ऐकला नाही, म्हणून तर तुम्हाला आज हे वाचायला मिळतंय.

झालं असं की जानकीच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या, चुलतभावाची सत्तरीची शांत तंजावरला होती. जानकीच्या माहेरची मंडळी मूळ तंजावरची मराठी. आम्ही सगळे चेन्नईत अड्यारला आप्पांच्याच घरी राहतो आणि घराखाली उभी असते आप्पांची जुनी पांढरी गाडी. जानकी शाळेत जायची तेव्हापासूनची. आप्पांना हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे ती चालवतो मी. मी मूळचा कराडचा, आणि नोकरी सिरुसेरीला. काम काय, तर इंजिन तापलं की ड्रायव्हरला इशारा देणारं सॉफ्टवेअर लिहायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी शोभा व्हायला उपयोगी पडेल.

जानकीला ती गाडी नकोच होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघरात मला गाठलं आणि हळू आवाजात अट घातली. "नितीन, जाऊन येऊ. पण वाटेत एकदा जरी टोइंग व्हॅन बोलवावी लागली, तर परत आल्यावर गाडी भंगारात. ओके? आणि हे आप्पांना सांगायचं नाही." जानकीची आई, म्हणजे अम्मा, गेल्यापासून आप्पा तसेही घरात फारसं बोलत नाहीत. सकाळी गाडी पुसायची आणि खिडकीशी बसायचं, एवढंच. गाडी गेली तर पुसायला काय उरणार, असं मनात आलं. पण तोंडाने मी म्हणालो, "डन. अगं, इंजिनाचा माणूस आहे मी!"

पहाटे निघताना गाडीची पूजा. इथे त्याशिवाय चाक हलत नाही. आप्पांनी पुढच्या जाळीवर शेवंतीची ही जाडजूड तिपदरी माळ बांधायला घेतली. मी लगेच शहाणपणा पाजळला. "आप्पा, पाकळ्या जाळीतून आत रेडिएटरवर जातील. माळेच्या मागे काहीतरी लावू या." मग मीच आतून एक रुंद केळीचं पान आणलं आणि जाळीवर चापूनचोपून बसवलं. वर माळ. काय दिसत होती गाडी!

मग चार चाकांखाली चार लिंबं. गाडी पुढे घेतली, तीन फटाफट फुटली, पुढच्या डाव्या चाकाखालचं मात्र निसटून बाजूला घरंगळलं. जानकी म्हणाली, "जाऊ दे." पण मी कसला सोडतोय! स्टिअरिंग गर्रकन डावीकडे वळवून मी त्या लिंबावर गाडी घातली. लिंबू फुटलं, आणि चाक फाटकाच्या दगडावर असं धाडकन आपटलं की शेजारचे खिडकीत आले.

जी.एस.टी. रोड, म्हणजे चेन्नईहून दक्षिणेला जाणारा हमरस्ता, पहाटे छान मोकळा असतो. तांबरम ओलांडलं आणि मला जाणवलं की गाडी डावीकडे ओढतेय. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे पिळून धरावं लागत होतं. "हवा कमी असेल," मी म्हणालो. परनूरच्या टोलनाक्याआधी पंपावर हवा पाहिली, चारही टायरांत बरोबर होती. "मग रस्त्याला उतार असेल." "चेन्नईपासून तंजावरपर्यंत?" जानकीने विचारलं.

मधुरांतकमच्या अलीकडे तापमानाचा काटा चढायला लागला. जानेवारीतली गार सकाळ आणि काटा लाल पट्ट्याला टेकलेला! गाडी कडेला घेतली. वाचकहो, एक फुकट सल्ला: इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजेल. मी बॉनेट वर करून थांबलो आणि दोघांना व्याख्यान दिलं. "गाडी गर्दीत तापली तर पंख्याचा दोष. वेगात तापली तर समोरून वारा आत येत नाहीये." इतकं अचूक बोलून मी पंखा तपासला. मग पाण्याचे पाइप दाबून पाहिले. थोडं निवल्यावर पाणी घातलं, बॉनेट लावलं आणि वाकडी झालेली माळ हाताने नीट सारखी केली.

समोरच कॉफीचं दुकान होतं, पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी, तीस रुपये. जरूर थांबा. तिथे आप्पा अचानक म्हणाले, "या रस्त्यावरच मी गाडी शिकलों. तुझी अम्मा मागें बसून मोठ्यानें स्तोत्रें म्हणत होती. माझा क्लच सुटला कीं तिचा आवाज वाढे." त्यांची मराठी अशी जुन्या पोथीसारखी आहे. हसताहसता जानकीची कॉफी सांडायची राहिली. तिला हे माहीतच नव्हतं.

तिंडिवनमजवळ पुन्हा तेच. आता मी थर्मोस्टॅटवर संशय घेतला. तिथे भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, आप्पांनी शाळेत गणित शिकवतानाच्या दोन गोष्टी सांगितल्या, आणि मी बॉनेट लावून परत माळ सारखी केली. गाडी थांबली की मला केळीच्या पानावरच्या गरम भाताचा वास यायचा. मला वाटलं, भूक लागलीय.

विक्रवांडीला टायरच्या दुकानात स्टिअरिंगचं निदान झालं. मेकॅनिकने विचारलं, "सार, कुठे आपटली का?" "छे!" मी म्हणालो. "लिंबावर," मागून आप्पा म्हणाले. पुढच्या चाकांची दिशा बिघडली होती. सहाशे रुपयांत अलाइनमेंट झाली, गाडी सरळ धावायला लागली, आणि जानकी पुढचा अर्धा तास "लिंबू" एवढंच म्हणून हसत होती. लांबच्या प्रवासाआधी तुम्हीही अलाइनमेंट करून घ्या, आणि निसटलेल्या लिंबाच्या मागे लागू नका.

पण काटा काही ऐकेना. इथे मी माझा हुकमी एक्का काढला: गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. उपाय खरा आहे, अडचणीत वापरून बघा. फक्त तामिळनाडूत वापरताना शेजारी बायको नसावी. जानकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आप्पांची इस्त्रीची वेष्टी, म्हणजे इकडची पांढरी लुंगी, आणि शर्ट घामाने अंगाला चिकटले. तरी पनरुटीला थांबावंच लागलं. तिथे रस्त्याकडेला काजूची दुकानं ओळीने आहेत, भाजलेले तुकडा काजू घ्या, स्वस्त पडतात. काजू खाता खाता आप्पांनी लेकीला विचारलं, "जानू, तूं ऑफिसांत करतेस तरी काय? मला आजवर कळ्ळें नाहीं." आणि जानकीने चक्क समजावून सांगितलं. मी रेडिएटरवर पाणी मारत होतो.

सेतियातोप ओलांडलं आणि खेळच संपला. यावेळी बॉनेटमधून वाफ आली. आजूबाजूला भाताची खाचरं, कुंभकोणम अजून दूर. मी पाणी ओतून पाहिलं, गाडीवर हात फिरवून पाहिला, शेवटी मनातल्या मनात देवाची माफीसुद्धा मागितली. जानकी म्हणाली, "पोदुम, नितीन. बस झालं. मी व्हॅनला फोन करते." तिने फोन कानाला लावला.

"आप्पा," मी बोलून गेलो, "व्हॅन आली तर गाडी भंगारात जाणार. आमचं तसं ठरलंय."

जानकीने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा तापलेलं इंजिन बरं. "भंगारांत?" आप्पांनी विचारलं. मग ते उतरले, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गाडीच्या पुढे गेले. माळेला हात जोडले, ती सोडली, रस्त्याकडेच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवली. मग जाळीवरून ते केळीचं पान ओढून काढलं. पान शिजून काळंहिरवं झालं होतं. त्यावर इडल्या वाफवता आल्या असत्या.

"आतां थोडें निवूं दे, मग चालीव," ते म्हणाले.

मी त्या पानाकडे बघतच राहिलो. वारा आत येत नाहीये, हे सकाळीच मी तोंडाने सांगितलं होतं. वारा अडवणारं पान मी माझ्या हाताने लावलं होतं, आणि दिवसभर त्याच्यावरची माळ सारखी करत होतो. पगार मिळतो हो मला इंजिन तापण्याबद्दल! जानकीने फोन कानावरून खाली घेतला. तिकडे कुणी उचलला नव्हता.

निवल्यावर गाडी निघाली ती थेट तंजावर. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. संध्याकाळी काकांच्या ओट्यावर आप्पा आणि मी दोघेच होतो, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मधुरांतकमलाच. पानाचा वास आला कीं."

"मग बोलला का नाहीत? मी वेड्यासारखा पाइप दाबत होतो!"

"गाडी थांबे तेव्हां तुम्ही दोघें मजशीं बोलत होतां, माप्ळे," ते म्हणाले. माप्ळे म्हणजे जावईबापू. "घरीं फोन बघतां. गाडी धावतांनाही फोन बघते ती. भंगाराचें ठाऊक असतें तर तेथेंच काढलें असतें."

मला फार वाईट वाटलं, आणि हसूही आलं, कारण सगळं माहीत असून हा माणूस दिवसभर माझी सगळी निदानं गंभीर चेहऱ्याने ऐकत होता.

शांत छान झाली, जेवण पानावरच होतं, आणि मी त्या पानाशी नजर मिळवली नाही. परतीला गाडी अड्यारपर्यंत एकदाही तापली नाही. आम्ही कुठे थांबलोही नाही. जेवणाच्या वेळेआधीच पोचलो, आणि पूर्ण प्रवासात कुणी फारसं बोललं नाही.

फाटकातून आत येताना जानकी म्हणाली, "व्हॅनवाल्याने फोन उचलला नाही, सो ते धरायचं नाही." एवढं म्हणून तिने मोठी पिशवी उचलली आणि वर गेली. दुसऱ्या सकाळी आप्पा नेहमीसारखे गाडी पुसत होते.

खर्च, अंतर, टोल हे सगळं तुम्हाला नकाशावर मिळेल. माझ्याकडे उरलंय ते एवढंच: परवा रविवारी आम्ही तिघं महाबलीपुरमच्या रस्त्याला निघालो होतो. जाळी मोकळी, काटा मध्यावर, जानकी फोनमध्ये, आप्पा खिडकीबाहेर बघत. कॉफीचं एक बरं दुकान दिसलं तशी मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" जानकीने मान वर करून विचारलं.

"तापली वाटतं," मी म्हणालो.

आप्पांनी पुढे झुकून, डोळे बारीक करून काट्याकडे नीट पाहिलं. मग दार उघडून उतरता उतरता म्हणाले, "होय. बरीच तापली आहे."