ऑफिसातले पंच

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे पंच म्हणायचे. कॉम्प्युटरच्या एकाच प्रोग्रॅमवर तिघंजण काम करायचे, आणि बाकीच्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकानं एक ओळ बदलली की दुसरा हटकून तीच बदलणार. मग ते मेलं मशीन अडून बसायचं, कोणाचं ठेवू ते माणसानं सांगा म्हणून. की आमचे हे मान मोडून बसायचे. याला फोन, "बाबा रे, ही ओळ का बदललीस?" मग त्याला फोन. दोघांची बोलणी खायची आणि दोघांचंही राखून एक करायचं. याला ते मर्ज करणं म्हणतात. डबा तसाच परत यायचा. मी चिडायचे, "स्वतःचं काही लिहा की!"

"अगं, वेळ कुठाय?"

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणे! कुठला आलाय लाभ?

अकरा वर्षं हेच चाललं. मग एक माणूस कमी करायचं ठरलं. साहेबांनी कोणी किती ओळी लिहिल्या ते काढलं, तर ह्यांच्या नावावर जेमतेम चाळीस. मर्ज केलेलं मोजतच नाहीत. तरी साहेबांनी त्या दोघांकडून वेगवेगळं लिहून मागवलं, कोण नसला तर चालेल?

काल हे भरदुपारी घरी आले. डबा न उघडलेला.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. आज पहिल्यांदाच दोघांनी एकच लिहिलं. मला काही जुळवावं लागलं नाही."