मिठावर वाजणारी घंटा

आमच्या घरात नवं यंत्र आलं, मग तो साधा मिक्सर का असेना, की मुलं ते माझ्या हातातून काढून घेतात. "बाबा, तुम्ही बसा." याला कारण मीच त्यांना सांगितलेली एक गोष्ट. खरं तर ती मी कौतुक करून घ्यायला सांगायला गेलो होतो.

तेव्हा मी पंचविशीचा होतो, मुंबईत यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत कामाला होतो आणि मला सगळं येत होतं. रेवसजवळ खाडीलगत एका शेटचं मिठागर होतं. तिथंच शेडमध्ये मीठ दळायचे आणि पट्ट्यावरून नेऊन गोणींत भरायचे. ते मुंबईच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात जायचं. एकदा गोणीत तारेचा तुकडा सापडला, कारखान्यानं सगळा माल परत पाठवला आणि शेटनं धातू शोधणारं यंत्र मागवलं. ते बसवायला मी आलो. चौकटीसारखी मोठी पेटी, तिच्या पोटातून पट्टा जाणार. मिठात धातू असला की घंटा वाजून पट्टा थांबणार.

मी खोक्याचे खिळे उपसत होतो तेवढ्यात शेटनं सगळ्यांना गोळा केलं. "ज्या टोळीच्या मिठावर ही घंटा वाजेल, ती टोळी दुसऱ्या दिवशी माझ्या आगरात दिसायची नाही."

झालं. त्या क्षणापासून मी सगळ्यांचा वैरी. टोळ्या दोन होत्या. त्यातल्या एकीची मुकादम पन्नाशीची विधवा बाई होती. सुना, जावा, पुतणे धरून तिच्या घरची नऊ माणसं त्याच आगरावर जगत होती. दुपारी मी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं, तर ती म्हणाली, "तुज्या पेटीला सांग. ती समदं हुडकून काढते ना?" बाया खदखदून हसल्या. मी तसाच कोरड्या घशानं स्क्रू आवळत राहिलो.

दोन दिवसांत यंत्र बसलं. मी रुबाबात माझी खोलीची चावी मिठात टाकली. घंटा खणखणली. शेट खूश झाला आणि मी छाती फुगवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिलं मीठ विधवेच्या टोळीचं आलं. घंटा वाजली. पट्टा थांबला. मीठ चाळून पाहिलं, काही नाही. पुन्हा सोडलं, पुन्हा घंटा. शेट माझ्याकडे बघायला लागला. यंत्राचंच काही चुकत असेल असं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी म्हणालो, "केसाएवढी तार असेल. यंत्र खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझी बायको आजही मला ऐकवते.

तेवढ्यावर न थांबता मी बायांना अंगावरचं चांदी-पितळ उतरवून बाजूला ठेवायला लावलं. कुणी जोडवी काढली, कुणी पाटल्या. मुकादम बाईनं खारानं फाटलेले दोन्ही हात माझ्या नाकाशी धरले. "बघ, काय गावतं का. न्हायतर लुगडं झाडू?"

घंटा तरीही वाजलीच. शेट म्हणाला, "उद्यापासून तुमची टोळी नको."

ती रडली नाही, पाया पडली नाही. पट्ट्यावरचं मूठभर मीठ तिनं दाबलं आणि हात उघडला. मिठाचा लाडू झाला होता. "राशीच्या तळाचं हाय, वलं. म्हनून बोंबलतंय. शेट, दुपारपत्तूर थांबा."

मी हसलो. "बाई, हे धातूचं यंत्र आहे. त्याला ओलं-सुकं काय कळणार?"

"तुला तरी काय कळतंय, मेल्या?"

शेट थांबला, कारण दुसऱ्या टोळीचं मीठ सोडलं तर तेही वाजलं. त्या लोकांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या मुलांना सांगताना मी गाळतो.

बाईच्या टोळीनं मीठ गोणपाटांवर उन्हात पसरलं. दुपारी तेच मीठ पट्ट्यावरून गेलं. टोपल्यामागून टोपली, घंटा गप्प. मग तिनं खाडीचं पाणी साठवलेल्या कोंडीतलं खारं पाणी ओंजळीनं आणून सुक्या मिठावर शिंपडलं. घंटा ठणाणली. "हितं घातली का रं मी तार?"

मी पिशवीतलं माहितीपुस्तक काढलं. ते मी तोवर उघडलं नव्हतं. सापडलं शेवटी: ओल्या, खारट मालातून वीज वाहते, यंत्राला तो धातूच वाटतो. मी तिला धातूबद्दल शिकवायला निघालो होतो!

"राहू दे तुझी टोळी," शेट म्हणाला.

"आदी ह्यानं बोलावं. समद्यांफुडं."

मी पुटपुटलो. "मोठ्यानं," ती म्हणाली. "तपासताना बरा वरडत हुतास." मग मी ओरडून सांगितलं, की मिठात यांनी काही घातलं नाही, चूक माझी. कुणी 'असू दे भाऊ' म्हणालं नाही.

शेटनं मला बाजूला घेतलं. "यंत्र जरा मंद करता येईल?"

"येईल, पण मग बारीक तार निसटेल."

"मग मीठ सुकवूनच घालतील."

माझं उत्तर बरोबर होतं, अजूनही बरोबर आहे. टोळी राहिली होतीच, पण त्या उत्तरानं तिचं रोजचं काम दीडपट झालं. दुसऱ्या दिवशी मी लाँचकडे निघालो तेव्हा ती नऊ माणसं उन्हात वाकून मीठ पसरत होती. मी "येतो" म्हणालो. मुकादम बाईनं मान वर न करता गोणपाट माझ्या वाटेवरच अंथरलं, आणि मी चिखलात उतरून वळसा घालून गेलो.