टकळी घेऊन जिनात

"कात बे," मॅनेजर म्हणाला. "आम्हीबी पाहू तुही सरकारी विद्या."

दिग्रसच्या एका जिनाची ती कचेरी. गादीवर मॅनेजर, त्याच्या बाजूला एक कापसाचा व्यापारी, दोघांच्या हातात चहाच्या बशा. मी समोर, जमिनीवर, मांडी घालून. हातात टकळी. भिंतीशी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बस असं कोणी म्हटलं नाही.

मी कातू लागलो. धागा तुटला. जोडला, पुन्हा तुटला. व्यापारी हसून हसून खोकू लागला.

"लमाण्याच्या पोट्ट्याची सरकारनं म्हतारी करून टाकली!"

चहा त्याच्या धोतरावर सांडला, तरी त्याचं हसू थांबेना.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. सातवी पास. आमच्या तांड्यातला पहिला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आता शिकलेल्यांचे दिवस आले, असं जो तो सांगत होता.

टकळी घेऊन जिनात कोण जातं? मी गेलो. कारण माझ्या शाळेने मला तेच दिलं होतं. आमच्या तांड्याजवळच्या गावात गांधीजींच्या विचारांची बुनियादी शाळा होती. रोज सकाळी सूतकताई. घरी शेतात कापूस वेचायचा, त्यातला मूठभर शाळेत न्यायचा, हाताने सरकी काढून, पिंजून त्याचे पेळू, म्हणजे वाती, करायचे आणि टकळीवर कातत बसायचं. गुरुजी म्हणायचे, श्रमाला प्रतिष्ठा आहे, ज्याच्या हातात हुन्नर तो कधी उपाशी राहत नाही. मी शाळेत सूतकताईत पहिला यायचो. आमच्या सुताच्या गुंड्या गुरुजींच्या कपाटात जमा व्हायच्या. त्या पुढे कुठे जायच्या ते कोणी विचारलं नाही. एकदा कपाट उघडलं तर आत उंदरांनी पिलं घातलेली. आमची सात वर्षांची विद्या उंदराच्या बाळंतपणाला कामी आली!

पुस्तकात लिहिलेलं असायचं, कापसापासून सूत होतं, सुतापासून कापड. मध्ये जिन नावाचं काही असतं, तिथे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात, त्या गाठी मुंबईला जातात, हे त्या पुस्तकात नव्हतं. आमची गाडी जिनाच्या फाटकाशी रिकामी व्हायची आणि तिथूनच परत फिरायची. फाटकाच्या आत काय चालतं ते आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, एवढा कापूस आत जातो, तर आत सूतच निघत असणार.

जिनात कारकून पाहिजे असं बाजारात कानावर आलं आणि तांडा हलला. आमच्या नायकांनी, म्हणजे तांड्याच्या म्होरक्यांनी, सगळ्यांसमोर सांगितलं, "हा कामाले लागला तर समदे पोरं शाळेत राहतीन. नाही लागला, तर पोरं ढोरांमागं." बोलणं गोरबोलीतलं, आमच्या लमाणी भाषेतलं, मी इथे सगळ्यांना समजेल असं सांगतो आहे. माझ्या मागोमाग तांड्यातली पोरं शाळेत जाऊ लागली होती. त्यांचे आईबाप आधीच कुरकुरत होते. माझ्या याडीने, आईने, सदरा धुऊन दगडावर वाळवला. मी टकळी आणि सुताची एक गुंडी पिशवीत घातली. दाखवायला.

मॅनेजरने विचारलं, "इंग्रजी येते?"

"नाही."

"तार आली त वाचशीन कशी? नामा लिहिता येते? जमाखर्चाची वही ठेवता येते?"

"नाही."

"मंग काय येते?"

मला अभिमान होता हो. खरंच होता. मी ताठ उभा राहून म्हणालो, "सूत कातता येते. शाळेत पहिला हावो." आणि पिशवीतून गुंडी काढून त्याच्यापुढे धरली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते हसू. तसं हसू मी त्याआधी फक्त डोंबाऱ्याच्या खेळात ऐकलं होतं. मग हुकूम सुटला. बस खाली. कात.

आणि मी बसलो. याचा राग मला आजही येतो. मोठ्या माणसाने सांगितलं की करायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा धडा मात्र शाळेने पक्का करून घेतला होता.

तेवढ्यात मॅनेजर व्यापाऱ्याला कौतुकाने सांगू लागला, "आमचा पोट्टा पाहा. दिग्रसातच मोठ्या शाळेत हाये. फडफड इंग्रजी वाचते."

माझा हात थांबला. का कोण जाणे, तोंडातून प्रश्न निघून गेला.

"साहेब, तुमच्या मुलाच्या शाळेत टकळी हाये?"

मॅनेजरने बशी खाली ठेवली. त्याला राग आला नाही. इतका वेडा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा.

"त्याले कायले पाहिजे टकळी? त्याले जिन चालवाचं हाये."

मग म्हणाला, "थांबला काहून? कात."

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाही कातत."

मी उठलो. व्यापारी ओरडला, "अबे, बाहीर सरकी झाडाले बाया लागतेत, थे काम करतं का?" मी वळून पाहिलं नाही.

फाटकाबाहेर आलो. रस्त्याच्या कडेला बसून रडलो. जीव द्यावासा वाटला. तांड्यावर जाऊन काय सांगू? मी गुरुजींना मनात शिव्या दिल्या. भला माणूस, पण त्याची स्वतःची मुलं कुठे शिकत होती? आमच्या शाळेत तर नव्हती. हे मला त्या रस्त्यावर बसून पहिल्यांदा सुचलं. शाळा दोन होत्या. एक जिन चालवणाऱ्यांची. एक आमची, गप्प बसवून ठेवण्याची. आणि आम्ही दोन्हींना एकच शाळा समजून हात जोडत होतो.

तांड्यावर पोचलो तेव्हा माणसं वाट पाहत होती. मी सगळं सांगितलं. हसणंही सांगितलं. याडीने पदर तोंडात कोंबला. एका बाईने तिथल्या तिथे आपल्या पोराची पाटी काढून घेतली.

नायक म्हणाले, "झालं तर. उद्यापासून पोरं ढोरांमागं."

"नाही," मी म्हणालो. नायकांना तांड्यात कोणी 'नाही' म्हणत नसे. त्या दिवशी माझ्या तोंडाला त्या शब्दाची सवयच लागली होती. "उद्या पोरं दिग्रसले. मॅनेजरचा पोट्टा शिकते त्या शाळेत."

"आपल्याले घेतीन थे?"

"नाही घेत."

"मंग?"

"मंग दारात बसू. शाळा भराच्या आधी बसू, सुटली का उठू. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी सगळ्यात पुढं बसतो. आत जाचं असंन, त मॅनेजरच्या पोट्ट्याले आपल्या पोरायले ओलांडून जा लागंन. रोज."